शौल राजाला वन्समोअर

"आण्णा, एकच सांगते. मधी बोलायचं न्हाई," नाट्यगृहाच्या दारात संयोगिता म्हणाली. "माझी एकच ओळ हाय. ती नीट जाऊ दे."

"एका ओळीपायी रहिमतपुरास्नं सांगलीला आलो, आन् गप बसू व्हय?" हंबीरराव म्हणाले.

"आई असती तर चिमटा काढून बसवलं असतं तिनं."

हंबीरराव आत जाऊन आपले मित्र भरतेश यांच्याशेजारी बसले. भरतेश इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले.

कार्यक्रम ऑरेटोरियोचा होता. तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं संगीत, इंग्रजी बोल आणि बायबलमधली शौल राजाची गोष्ट. पण ना मुकुट, ना तलवार. सगळे काळ्या कपड्यांत, हातात वह्या धरून उभे.

"ह्यातला राजा कंचा रं?"

"त्यो चष्मेवाला."

चष्मेवाला जोरात गायला. मग चाल बदलली, आवाज उतरला, वाद्यं क्षणभर थांबली. हंबीररावांना राहवलं नाही.

"वन्समोअर!"

आणि चष्मेवाल्याने तेच गाणं खरंच पहिल्यापासून धरलं.

"लय मान ठेवत्यात गड्या!"

त्या संगीतात पहिला भाग पुन्हा गायची रीतच असते, हे प्रेक्षकांत कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या गाण्याला दहा जण ओरडले. त्याच्या पुढच्याला बाल्कनीही ओरडली. दर वेळी मागणी मान्य झाली. प्रेक्षकांकडे पाठ करून हाताने ताल देणाऱ्या कंडक्टरची मान मात्र लाल होत चालली.

"ह्यांना सांगलीची सवय कशी कळली असंल?" भरतेशनी विचारलं.

"त्याचं असं हाय..." हंबीरराव त्यांच्याकडे वळून समजावू लागले. तेवढ्यात समोर कुणीतरी एक ओळ गायलं आणि थांबलं.

"आरं, तुझी पोरगी हुती ती!"

हंबीरराव ताडकन उठले. "वन्समोअर!"

सगळं सभागृह ओरडलं. पण या ओळीला तशी रीत नव्हती. वादक पुढे निघाले.

हंबीररावांनी हात जोडले. "सायेब, मी ऐकलंच न्हाई वो!"

कंडक्टरने हात खाली घेतला. वाद्यं थांबली. त्याने वळून पाहिलं आणि संयोगिताला खूण केली. तिने डोळे वटारून, थेट बापाकडे बघत ती ओळ पुन्हा गायली. कुणी खोकलंसुद्धा नाही.

कार्यक्रम संपल्यावर कंडक्टर तिला म्हणाला, "दोन महिने मी तुझ्याकडे या ओळीत हीच धार मागत होतो."

हंबीररावांची छाती फुगली. त्यांनी भरतेशना हळूच विचारलं, "काय म्हणत हुती रं ती?"

"'राजा मेला,'" भरतेश म्हणाले. "पर तुझ्याकडं बघून."