प्लास्टरावर पट्टा चढला त्याची हकीकत

श्री. मे महिन्याची सुट्टी प्रसन्न असो, आणि पंखा फिरता असो. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख शुद्ध पंचमी, ते दिवशीं तीन जिन्यांच्या एका इमारतीचे राज्यांत मोठा कलह उद्भवला. त्याचें कारण ऐसें जे, ओवीबाई सायकलीवरून पडोन उजवें मनगट मोडून घेत्या जाहल्या, हातास जाडजूड प्लास्टर चढलें, आणि बाई रुसोन दार लावोन बसल्या. तेव्हां त्यांच्या दोघी जिवलग, कृत्तिकाबाई आणि हर्षदाबाई, वयें अकरा अकरा, यांनीं फ्रेंडशिप बँड म्हणोन रेशमी पट्टा असतो, तो स्वहस्तें विणोन ओवीबाईंस बांधावा ऐसा निश्चय केला. आणि पहिला पट्टा कोणाचा, यावरून शब्दास शब्द लागला. हर्षदाबाई बोलिल्या, "ओवी माझी बेस्ट फ्रेंड आहे, तू मधे मधे करू नकोस!" ही गोष्ट कृत्तिकाबाईंचे काळजास लागली. मग बोलणें बंद, बघणें बंद, आणि उतरावयाचा जिनाही वेगळा जाहला.

मग कृत्तिकाबाईंनीं सहा रंगांच्या लडी आणविल्या, आणि धाग्यांचीं टोकें सेफ्टी पिनेनें उशीस जखडून मोहीम आरंभिली. राग बहुत, म्हणोन गाठ आवळ पडे, एक गाठ मारावी आणि मनांत म्हणावें, "घे हर्षदा!" मातोश्रींनीं पन्हें पुढें ठेवोन म्हटलें, "अगं, दोरा आहे तो, त्याचा गळा कशाला आवळतेस?" परंतु हें काम मोठें मायावी. गाठीमागून गाठ, रंगामागून रंग, बाहेर दुपार पेटलेली, आणि बाईंचें मस्तक आपसूक निवत चाललें. तिसरे दिवशीं राग शोधूं गेल्या तों सांपडेना. गाठी सैल आणि सारख्या पडों लागल्या, बाई गुणगुणूं लागल्या, आणि हर्षदाबाईंची आठवण येऊन रडूं आलें, तेंही खरें.

पांचवे दिवशीं पट्टा सिद्ध करून खासा स्वारी ओवीबाईंचे दारीं गेली, तों समोरून हर्षदाबाईही आपला पट्टा घेऊन हजर! दोघी आंत गेल्या. कृत्तिकाबाईंनीं पट्टा प्लास्टरावर धरिला, तों आखूड. हर्षदाबाईंनीं धरिला, तोही आखूड. "दुसऱ्या हाताला बांधू?" ऐसें पुसतां ओवीबाई गरजल्या, "मुळीच नाही! तो हात मजेत आहे. वाईट वाटतंय ते ह्याला!" मोठा निरुपाय जाहला. इतक्यांत कृत्तिकाबाईंची नजर दुसरे पट्ट्यावर गेली, तों आरंभींच्या गाठी आवळ, पुढल्या सैल, हुबेहूब आपल्यासारख्या. म्हणाल्या, "तूही चिडून चिडून विणलास?" हर्षदाबाई बोलिल्या, "पहिले दोन दिवस चिडून. मग रडून." "मी पण." मग मानपान गेला चुलींत, कृत्तिकाबाईंनीं आपण होऊन आपले पट्ट्याची शेवटली गाठ सोडिली आणि टोक पुढें केलें, हर्षदाबाईंनीं त्यास आपलें टोक जोडिलें, आणि दोहोंचा एक पट्टा प्लास्टरास वेढा घालोन, वर झुलावयास टोक उरून, चढला. ओवीबाई पांच दिवसांनीं हंसल्या. मोठी फत्ते जाहली, आणि जिन्याजिन्यांत आंबापोळी वांटली.

येणेंप्रमाणें क्रोधी संवत्सरांतला क्रोध पांच दिवसांत आटोपला. पुढें प्लास्टर उतरलें, तेव्हां पट्टा बारीक मनगटास दोन वेढे बसला. त्यांतील आवळ गाठी कोणीं सैल करूं नयेत, ऐसा तिघींचा हुकूम आहे, आणि तो अद्याप चालतो.