तळ्याकडे पाठ

जुनी वास्तू जपायची तर आधी ती पाडावी लागते. ती उभी असेपर्यंत जपणुकीत तिचीच अडचण होते. भिवंडीजवळच्या स्काउट शिबिरस्थळावरची तळ्याकाठची जुनी बंगली याच तत्त्वावर सन्मानपूर्वक भुईसपाट करण्यात आली.

अंजूरच्या शाळेत गाइडचं पथक सांभाळणाऱ्या सुवर्णाबाई, बंगली नव्याने उभी राहणार म्हणून, हरखून गेल्या होत्या. लहानपणी याच बंगलीच्या ओट्यावर, पाण्यात पाय सोडून, त्या दोरीच्या गाठी मारायला शिकल्या. नवी बंगली झाली की तिथंच मुक्कामाला नेईन, असं त्यांनी मुलींना कबूल केलं होतं. मुलींनी वळकट्या तेव्हाच बांधून ठेवल्या.

पुनर्बांधणीचं काम वडप्याच्या धनेशशेठकडे आलं. शेठचा अनुभव दांडगा. उभ्या आयुष्यात त्यांनी गोदामाखेरीज काही बांधलं नव्हतं. (त्यांच्या घरातही पाहुणा शटर वर करूनच शिरतो.)

नकाशा पाहून बाईंनी विचारलं, "शेठ, तळ्याच्या बाजूला नुसती भिंत?"

"तिकडं तोंड केलं तर कंटेनर वळणार न्हाय, बाई."

"इथं कंटेनर कशाला येईल?"

"आज न्हाय तर उद्या. तुम्हीच पोरींना शिकवता ना, सदा तयार रहा?"

शिबिरस्थळाची समिती या दूरदृष्टीने भारावून गेली. पाहणीत असंही आढळलं की तळ्याचा लाभ सत्तर टक्के म्हशीच घेतात, आणि भिंतीबद्दल त्यांची एकही तक्रार नाही. ओटा ऐतिहासिकच ठेवला, फक्त ट्रकच्या उंचीला आणला. जुनी एक खिडकीही आठवण म्हणून आत लावली. तिच्यातून भिंत स्वच्छ दिसते.

उद्घाटनाला पाहुणा मिळेपर्यंत वास्तू रिकामी कशी ठेवायची, म्हणून शेठनी तात्पुरता माल भरला. डिसेंबरात बाई मुलींना घेऊन पोचल्या, तेव्हा वॉचमन दामू ओशाळून म्हणाला, "आत माल हाय, बाई. पोरींना कुठं ठेवू?" बाईंना रडूच आलं. पण पोरींसमोर रडायचं नाही, म्हणून त्या नुसती शिट्टी फुंकत राहिल्या.

रोज एक सत्कृत्य हा मात्र त्यांच्या पथकाचा नियम. तो चुकू नये म्हणून परतण्याआधी मुलींनी रांग धरली आणि त्या दिवशी जाणारी सगळी खोकी हातोहात ओट्याला लागलेल्या ट्रकवर चढवून दिली. खोक्यांत तंबू होते. 'तळ्याकाठच्या मुक्कामासाठी खास', असं वर छापलेलं होतं.

त्यातला एक तुम्ही ऑनलाइन मागवला होता. तो सध्या तुमच्या बाल्कनीत उभा आहे, आणि 'दुसऱ्याच दिवशी मिळाला, सेवा उत्तम' हा अभिप्रायही तुमचाच. सेवा उत्तम होतीच. सहावीच्या मुलींनी केली होती.