फॉल्स सीलिंगच्या वर

टक्.

चिडीचूप दुपारी बेडरूमच्या छतावर काहीतरी पडलं. गुंजनची वेणी घालता घालता शामलाचा हात थांबला.

"पडला अजून एक."

"लहानच होता," सुशील म्हणाला. आताशा तो नुसत्या आवाजावरून तुकड्याचं वजन सांगायचा.

जरीपटका वस्तीतला हा फ्लॅट त्यांचा चौथा. जुनं घर स्वस्तात घ्यायचं, त्यातच राहून ते रंगवायचं, चकचकीत नळ आणि दिवे लावायचे आणि विकून टाकायचं, हा सुशीलचा धंदा. नियम एकच: जे दिसत नाही त्यावर खर्च नाही. इथे बेडरूमच्या स्लॅबमधल्या सळया गंजून प्लॅस्टर सुटत होतं. सुशीलने त्याखाली पीओपीचं फॉल्स सीलिंग ठोकलं. आता तुकडे पडायचे, पण वरच्या वर.

हे विकलं की पुढचं घर कायमचं, तिला हवी तशी पूर्वेला खिडकी असलेलं, असं त्याने शामलाला कबूल केलं होतं. गुंजनच्या तीन बालवाड्या झाल्या होत्या. कोणी पत्ता विचारला की ती पोर विचारायची, "आत्ताचा?"

बेल वाजली. कन्हानहून घर पाहायला चारुशीला आली होती. सातवा महिना, सोबत सासू रंभाबाई. दोघी बेडरूममध्ये शिरतात तोच वर पुन्हा टक्.

"काय वाजलं गा?" रंभाबाईंनी विचारलं.

"वरच्या माळ्यावरचं पोट्टं गोट्या खेळून राहिलं, काकू."

पुढचा आवाज दबावा म्हणून सुशीलने कूलर फुल्ल केला. कूलरने हवेबरोबर पाणीही थेट वर फेकलं. पाहुण्या किचन पाहून येईपर्यंत नव्या पीओपीवर पंख्याशेजारी परातीएवढा ओला डाग उमटला. शामलाने घाईघाईने कपाटातले फुगे फुगवले आणि सुशीलने ते डाग झाकायला पंख्याला बांधले.

"अवं, फुगे काहून?" रंभाबाई परत येत म्हणाल्या. "वाढदिवस आहे का पोरीचा?"

"हो!" सुशील म्हणाला.

"नाही," गुंजन म्हणाली. "माझा तर झाला."

"तारखेनं झाला," शामला म्हणाली. "तिथीनं आज आहे."

आपण इतक्या सफाईने खोटं बोलू शकतो हे तिला आजच कळलं.

चारुशीला कोणाचं ऐकेना. "लेकराचा वाढदिवस, अन् आम्ही रिकाम्या हातानं आलो!" म्हणत ती दोन जिने उतरली आणि धापा टाकत केक घेऊन परतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत वर दोन मोठे तुकडे पडले, कोणाला ऐकू आले नाहीत. गुंजनने मेणबत्ती अगदी मन लावून विझवली. शेवटी केक तो केकच.

चारुशीलेचे डोळे भरून आले. "आई, मले हेच घर पाहिजे. किती लाड होते इथं लेकराचे!"

"घेऊन टाकू," रंभाबाई म्हणाल्या आणि फुग्यांमधून वर बघू लागल्या. "पण पाळण्याचा हूक कुठी आहे? आमच्यात पाळणा टांगाच लागते. खाली ठेवत नाही आम्ही."

"आहे ना, काकू! स्लॅबमधीच आहे," सुशील म्हणाला. "खालून छिद्र पाडून देतो. तुमच्याकडून त्याचे काही घेणार नाही."

शामलाने तोंड उघडलं. सुशीलने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत कायमचं घर होतं, पूर्वेच्या खिडकीसकट. तिने तोंड मिटलं आणि केकचा दुसरा तुकडा चारुशीलेच्या हातात ठेवला.

"इथं," चारुशीला डागाखाली उभी राहून म्हणाली, आणि हवेतच पाळण्याला एक हलका झोका दिला. "बरोबर इथं."

गुंजन तिच्या पोटाकडे बघत राहिली. मग नाकाला क्रीम लागलेली ती पोर आईला बिलगली आणि तिच्या कानाशी कुजबुजली, "आई, तू मले ह्या खोलीत झोपू देत नाही ना... मंग त्या बाळाले कोण सांगन?"