मंदावल्या पंख्याची मोहीम

ऐकणारांनी चित्त सावध करावे. तीस वर्षे भाषा शिकवून निवृत्त जाहलेले, तिसऱ्या मजल्याचे धनी राजश्री मास्तर यांजवर भर उन्हाळ्यात जो बाका प्रसंग गुदरला, तो येथे नमूद केला असे.

बैठकीच्या खोलीतील पंखा दुपारी मोठ्या दिमाखाने निघे, आणि मग अर्ध्या तासात जोर सोडीत सोडीत पाती मोजता येतील इतका सुस्त होई. त्या समयी मास्तरांच्या पत्नी बाईसाहेब शिवणकाम शिकवावयास गेलेल्या असत, सबब हा फितवा त्यांनी डोळां देखिला नव्हता. त्यांनी फर्माविले की, "पंखा ठणठणीत आहे हो. तुमचंच आता मंदावत चाललंय." हा वार मास्तरांच्या वर्मी लागला, कारण अलीकडे जिन्यात दोनदा थांबावे लागते, हे त्यांनी घरात कळो दिले नव्हते. मग त्यांनी पण केला की, मंदावले कोण याचा निवाडा कागदोपत्रीच करून घ्यावा.

तक्रार जाताच पंख्याच्या कंपनीचे मिस्त्री दोन वेळा चालून आले, आणि पंखा फिरता पाहोन, पाच मिनिटांत तक्रारीच्या अर्जावरील 'चालू' या रकान्यात खूण करून कूच करते जाहले. दुसरा रकाना 'बंद', तिसरा नाहीच. मास्तरांनी बहुत समजाविले की, मंदावणे म्हणजे बंद पडणे नव्हे. वारा मंदावतो, चाल मंदावते, धंदा मंदावतो, आणि जे मुळात वेगात नव्हते ते मंदावत नाही. हाच पाठ बाईसाहेबांपुढेही सांजसकाळ चाले. मिस्त्रींनी घड्याळ पाहिले.

तिसऱ्या स्वारीस मास्तरांनी मसलत केली. बाईसाहेबांस साक्षीस घरी ठेविले, आणि मिस्त्री पंखा पाहू लागताच त्यांचा दाराशी काढलेला डावा बूट सोफ्याखाली कैद केला. मग बुटाचा शोध मांडला, आणि दोन वेळा चहा जाहला, आणि मास्तर स्वतः गुडघे टेकून भलत्याच कोपऱ्यांत बूट धुंडू लागले. तिसाव्या मिनिटास मिस्त्रींच्या कपाळी घाम आला आणि त्यांनी वर पाहिले.

"अरेच्चा, हा तर मंदावला! तापला की बेअरिंग धरतंय वाटतं."

मग मिस्त्रींनी हातानेच वाकडातिकडा तिसरा रकाना आखिला, आणि त्यात 'मंदावतो' ऐसे लिहून सही दिली, आणि मास्तरांनी बूट हाजिर केला. उठताना मात्र गुडघ्याने दगा दिला. बाईसाहेबांनी हात दिला आणि हळूच म्हणाल्या, "वेगात असतं तेच मंदावतं ना? म्हणजे एके काळी तुम्ही वेगात होतात म्हणायचं!"

मास्तर या तहास खुशीने राजी जाहले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पंख्याचे बेअरिंग बदलिले; मास्तरांचे गुडघे आहेत तेच कायम ठेविले. अर्जावर चहाच्या कपाचे ओले वर्तुळ उमटले आहे, तेच मोर्तब समजावे.