पान एकशे शहाऐंशीची खिडकी

विषय : तीनशे बारा वर्षे वयाच्या जादूगारास पुन्हा जिवंत करण्याबाबत.
संदर्भ : नव्या आवृत्तीचे पान क्रमांक एकशे शहाऐंशी (सध्या उपलब्ध नाही).

वरील विषयी निवेदन असं, की जादूगार मी आहे.

खुलासा करतो. मी रेल्वेच्या एका कार्यालयातून नऊ वर्षांपूर्वी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. काशीत बाहेरून माणसं मरायला येतात आणि त्यांची सोय होते. आम्ही दुर्गाघाटावर सात पिढ्या राहणारे. आमच्याकडे ते खातंही लक्ष देत नाही. सकाळी नळ, दुपारी वर्तमानपत्र, संध्याकाळी घाटाच्या पायऱ्या मोजणं (त्या दर वेळी वेगळ्या भरतात, दोष पायऱ्यांचा नसावा).

अशात तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे शिकायला राहिलेल्या नातीने, अंतराने, एक खेळ घरात आणला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि सूत्रधार नेईल त्या गुहेत जाऊन राक्षसांशी लढायचं. सूत्रधार अंतरा. मी जादूगार शृंगभट. माझी पत्नी शरदिनी चोर झाली, आणि इतक्या सफाईने झाली की मी घरातली कपाटं तपासून घेतली. चौथा मुकुल. हा सकाळी बालाजी घाटावर यजमानांकडून पिंडदान करवतो आणि रविवारी दुपारी आमच्याकडे येऊन कुऱ्हाडवाला बुटका योद्धा होतो.

सात वारांपैकी रविवार एवढा एकच मला आता ओळखू येतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं रविवारच्या त्या खुर्चीसाठी आहे.

पौषात दोन गोष्टी एकदम झाल्या. अंतराला पुण्यात नोकरी लागली, आणि खेळाची नवी आवृत्ती निघाली. ठरलं असं, की जाण्याआधीचा शेवटचा रविवार नव्या नियमांनी खेळायचा. पुढे ती पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सूत्रधार राहील. मित्रांनी निरोपाची भेट म्हणून तिला नवं पुस्तक दिलं होतं. ते तिने माझ्या हातात ठेवलं.

"आजोबा, आठवडाभर वाचा आणि फर्स्ट इम्प्रेशन काय होतं ते सांगा. फक्त वाचा हं."

फर्स्ट इम्प्रेशन असं : पुस्तक जड आहे. चित्रांत सगळे हसतात, राक्षससुद्धा. जुन्या आवृत्तीत म्हाताऱ्या जादूगाराला थोडा मान होता. नवीत वयाचा काही उपयोग नाही (ही सुधारणा बाहेरच्या जगाला धरूनच म्हणायची). आणि दर दोन पानांनी 'सूत्रधाराच्या मर्जीनुसार' असं लिहिलं आहे. ज्या नियमात मर्जी येते तिथे घोळ होतो, हे मी चौतीस वर्षं पाहिलं आहे.

त्या चौतीस वर्षांत माझं काम एकच होतं. नियम बदलला की वरून करेक्शन स्लिपा यायच्या. त्या कापायच्या आणि जुन्या नियमपुस्तकात जुन्या नियमावर चिकटवायच्या. नवा नियम आला म्हणून जुनं पुस्तक टाकायची पद्धत आमच्यात नव्हती. मी मैद्याची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घातला, आणि शरदिनीची शिवणाची कात्री घेतली.

मुरलेला कारकून कुठल्याही नियमपुस्तकात आधी रजेचं प्रकरण उघडतो. पान एकशे पंच्याऐंशीवर जादूगाराच्या विश्रांतीचा नियम होता. तो बदलला होता (माझ्या विरोधात). मी तो सुबक कापला, जुन्या पुस्तकात चिकटवला, तारीख घातली, सही केली. असे सव्वीस नियम चिकटवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की कार्यालयातल्या स्लिपा एकाच बाजूने छापलेल्या असत. हे पुस्तक दोन्ही बाजूंनी छापलं होतं.

मी ते मिटून ठेवलं. मिटलेल्या पुस्तकाबद्दल कोणी विचारत नाही, हाही चौतीस वर्षांचाच अनुभव.

रविवारी गल्लीत धुकं इतकं होतं की मुकुल आधी शेजारच्या घरात शिरून आला. अंतराच्या बॅगा दाराशी उभ्या होत्या. खेळ दलदलीत सुरू झाला, आणि पहिल्याच झटापटीत माझ्या फाशावर एक पडला. शृंगभट मेला.

"टेन्शन नका घेऊ," अंतरा म्हणाली. "आजीच्या चोराकडे संजीवनी आहे. मेलेल्याला उठवायचा नियम एकशे शहाऐंशीवर आहे, थांबा."

तिने पान उघडलं. पानात एक नीटनेटकी चौकोनी खिडकी होती. खिडकीतून मागच्या पानावरचा बेडूकतोंड्या राक्षस आमच्याकडे पाहून हसत होता.

"आजोबा, ये क्या किया आपने?" (रागावली की ती हिंदीत जाते.)

"काही गहाळ नाही," मी जुनं पुस्तक पुढे केलं. "नियम सुरक्षित आहे. फक्त पाठमोरा आहे."

मुकुलने स्लिपची कड नखाने उचलून पाहिली. "काका, मोरचूद घातलात? मग हे प्रलयापर्यंत निघत नाही."

किटलीच्या वाफेवर धरून पाहिलं. नियमाचा लगदा झाला. त्यात 'मृताची इच्छा असल्यास' एवढंच वाचता आलं. माझी होती.

"जाऊ दे, नेटवर मिळेल," अंतराने फोन काढला.

"फोन ठेव," शरदिनी म्हणाली आणि आतून कार्यवृत्ताची वही घेऊन आली. दर रविवारचं कार्यवृत्त मी लिहितो. दोन वर्षांपूर्वी तिच्या चोराला नेटवरच्या नियमाने एक कुलूप उघडायचं होतं, तेव्हा मी ठराव करवून घेतला होता : छापील पुस्तकात नसलेला नियम ग्राह्य धरला जाणार नाही.

"अहो, अक्षर कोणाचं?"

"माझं."

"सुरेख आहे."

"आणि काका," मुकुल म्हणाला, "काशीत मेलेल्याला मुक्ती मिळते. परत आलात तर मी उद्या यजमानांना काय तोंड दाखवू?"

"मी दलदलीत मेलोय!"

"दलदल टेबलावर, टेबल दुर्गाघाटावर. बात खतम."

अंतरा जरा मऊ झाली. "नवीन पात्र बनवा ना, आजोबा. पहिल्या पायरीपासून."

तीन वर्षांच्या सेवेनंतर नव्याने भरती? मी तत्त्व म्हणून नकार दिला. ती पान उचलून त्या खिडकीतून एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं हसते आहे. मग तिने नाक पुसलं आणि पुस्तक, खिडक्यांसकट, बॅगेत सगळ्यात वर ठेवलं.

"हे पण नेते," म्हणाली.

सोमवारी ती गेली. मंगळवारी मी रीतसर अर्ज लिहिला : सेवा निष्कलंक, एकही प्रतिकूल शेरा नाही, सबब ठरावातून विशेष बाब म्हणून सूट मिळावी. फोटो काढून पाठवला. चार मिनिटांत उत्तर आलं : "पाहते, आजोबा."

चौतीस वर्षं मी अर्जदारांना हेच सांगत आलो. त्यामुळे किती दिवस लागतात याची मला कल्पना आहे.

खुर्ची मात्र गेली नाही. रविवारी मी तिथेच बसतो. फासा मिळत नाही; कार्यवृत्त लिहिण्यासाठी बसवतात. मागच्या रविवारचं असं : (१) सूत्रधार पुण्याहून उपस्थित. (२) मयत शृंगभट यांची जादूची काठी चोराने ताब्यात घेतली व ती कपडे वाळत घालण्यास योग्य असल्याचा अभिप्राय दिला. (३) मयताचा अर्ज वेळेअभावी विचारात घेता आला नाही.

अर्ज प्रलंबित आहे.