न पाहिलेल्या सिनेमाची पहाणी

इचोड्याहून निघणाऱ्या 'निरपेक्ष पडदा' या स्वतंत्र सिनेमा-त्रैमासिकासाठी अकरा जण लिहितात. त्यांपैकी सिनेमा पाहणारा एकही नाही. ही उणीव नाही, ते धोरण आहे, आणि प्रत्येक अंकाच्या दुसऱ्या पानावर मुद्रकाच्या पत्त्याखाली ते छापलेलं असतं.

संपादक यशवंतराव महसुली दफ्तरातून निवृत्त झाले. तिथे त्यांच्याकडे पहाणी लिहिण्याचं काम होतं, म्हणजे कोणत्या शेतात कोणतं पीक उभं आहे याची सरकारी नोंद. एकतीस वर्षांत ते बांधावर दोनदा गेले, पैकी एकदा लग्नाच्या वरातीबरोबर. बाकी सगळी पहाणी त्यांनी ओसरीवर बसून, शेजारच्याला विचारून लिहिली. शेजारी कापूस असेल तर इथेही कापूस. एखादा माणूस तक्रार घेऊन आलाच की माझ्या रानात ज्वारी आहे, तर यशवंतराव त्याला पाणी देत आणि समजावत की ज्वारी फक्त शेतात आहे. शेतावर शिक्का मारता येत नाही.

निवृत्तीनंतर हीच पद्धत त्यांनी सिनेमाला लावली. नव्या सिनेमाबद्दल इतरांनी काय लिहिलं ते चार ठिकाणी बघायचं. चौघेही चांगला म्हणत असतील तर आपण 'दखलपात्र' लिहायचं, दोन-दोन अशी फूट असेल तर 'संमिश्र'. सिनेमा प्रत्यक्ष पाहिला की माणूस हसतो, रडतो, मध्येच झोपतो, आणि मग त्याच्या लेखणीचं स्वातंत्र्य उरत नाही. 'निरपेक्ष पडदा' आधी जाहिरातदारांपासून स्वतंत्र झाला, मग नटांपासून, आणि शेवटी सिनेमापासून. ज्येष्ठ लेखक नागेश यांचं हमरस्त्यावर पंक्चरचं दुकान आहे. दोन ट्रकांच्या मधल्या वेळात त्यांनी हंगेरीच्या सिनेमावर सतरा लेख लिहिले. हंगेरी कुठे आहे हे त्यांनी अजून नक्की केलेलं नाही.

अशा सुरळीत कारभारात जैनथची पूनम आली. तिने फोनवर चाळीस मिनिटांचा एक सिनेमा केला होता आणि तो राजधानीतल्या एका महोत्सवाला पाठवायचा होता. महोत्सवाची अट होती की सोबत किमान एक छापील परीक्षण जोडावं, तेही महिनाअखेरीच्या आत.

"निवडला तर मोठ्या पडद्यावर दाखवतेत, काका," ती यशवंतरावांना म्हणाली. "माह्या मावशीनंच काम केलं त्याच्यात. तिले समोर बसवून दाखवायचा हाय. तिनं आपलं तोंड आजून मोठं पाह्यलंच नाही."

"याच्यावर आधी कोनी लिहिलं?"

"कोनीच नाही. तुमीच पयले."

यशवंतरावांनी चष्मा काढला. चारी बाजूंनी शेजार नसलेलं शेत त्यांच्या उभ्या नोकरीत आलं नव्हतं.

"मंग पाहा ना तुमी," पूनम म्हणाली. "चाळीसच मिन्टं हाय."

नागेश खिडकीबाहेर एका ट्रकच्या चाकाकडे पाहत राहिले.

"पोरी, तुहा राग नाही," शेवटी तेच म्हणाले. "पन आज तुहा पाह्यला, तर उद्या दुसरा म्हनन, माहा काऊन नाही पाह्यला? कुठं थांबायचं मानसानं?"

त्यावर तोडगा असा निघाला की पूनमचा जबाब घ्यावा आणि जबाबावरून परीक्षण लिहावं. दोन पंच म्हणून समोरच्या चहावाल्याला आणि चहा पीत असलेल्या एका गिऱ्हाइकाला बसवलं.

"सिनेमात काय हाय?" नागेश यांनी विचारलं.

"वच्छलामावशी जैनथच्या बजारात बसते. वांगे इकते."

"मंग?"

"मंग वांगे सरतेत. ती घरी जाते."

"मरत कोनी नाही?"

"नाही."

"पैनगंगा?"

"गावाजवळ हाय. सिनेमात नाही."

यशवंतरावांनी मान हलवली. गावाला नदी असताना सिनेमात नदी नाही, ही विसंगती त्यांच्या तीक्ष्ण नजरेतून सुटली नाही. नदीकाठच्या जमिनीला ते डोळे मिटून बागायत लिहीत आले होते. त्यात नागेश यांनी म्हाताऱ्या बायांच्या चाळीसेक सिनेमांबद्दल वाचलेलं होतं, आणि त्यांतल्या बत्तीस जणी शेवटी पाण्यात जात होत्या. सरासरी काढण्यात आली. अठ्ठावीस तारखेला परीक्षण छापून आलं: 'पैनगंगेच्या पात्रात शांतपणे बुडणारी वच्छला ही मराठी पडद्यावरची सर्वांत ओली प्रतिमा आहे. मध्यंतरानंतर वेग किंचित मंदावतो.'

चाळीस मिनिटांच्या सिनेमाला मध्यंतर नव्हतं. पण तारीख गाठायची होती म्हणून पूनमने ते जोडून पाठवलं.

आठवड्याने महोत्सवाचं पत्र आलं. परीक्षण निवड समितीला अतिशय आवडलं होतं. मात्र छाननी करणाऱ्याने सिनेमा पुढे पळवत पळवत तपासला असता त्यात पाणी आढळलं नाही. सबब, परीक्षण व चित्रपट यांतील तफावत पंधरा दिवसांत दूर करावी, अन्यथा प्रवेश रद्द समजावा.

पूनम पत्र घेऊन इचोड्याला आली. "काका, दोन ओळी दुरुस्त करून द्या. बुडत नाही, येवढंच लिवा."

"छापलेलं दुरुस्त कराले अपील लागते," यशवंतराव मायेने म्हणाले. "अपील आमच्याकडंच येते, अन् आमी ते फेटाळतो. त्यापरीस सिनेमा दुरुस्त कर. त्याले कोनाची मंजुरी लागत नाही."

हे ऐकून जैनथला वच्छलाबाईंनी टोपलीतली वांगी आधी नीट झाकली. "म्या काऊन बुडू?" त्या म्हणाल्या. "माह्यावर कोनाचा राग हाय काय?"

"कोनाचाच नाही, मावशी. तसं लिवून आलं."

"लिवनाऱ्यानं पाह्यलं काय मले बुडताना?"

"पाह्यलं नाही, म्हनून तर लिवलं."

वच्छलाबाईंना हे पटलं नाही, पण भाचीसाठी त्या नदीवर आल्या. उन्हाळ्यामुळे पाणी घोट्याइतकं होतं. त्यात बुडायला त्यांना आधी बसावं लागलं, मग आडवं व्हावं लागलं, आणि तरी नाक वर राहत होतं. चौथ्या खेपेला जमलं. हा प्रसंग सोळा मिनिटांचा झाला. महोत्सवाची वेळेची मर्यादा चाळीस मिनिटांचीच असल्याने बाजार तेवढा कापावा लागला, आणि कापूस मोजल्याच्या पावतीसारख्या काटेकोर हिशेबात वांगी विकण्याची जागाच उरली नाही. मध्यंतर घातलं. त्यानंतरचा वेग, सूचनेनुसार, मंद केला.

सिनेमा निवडला गेला. पूनमने मावशीला राजधानीत नेलं आणि समोरच्या खुर्चीवर बसवलं. वच्छलाबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. उद्घाटनाची भाषणं लांबली. पुढच्या कार्यक्रमासाठी सभागृह रिकामं करायचं होतं, म्हणून आयोजकांनी सर्वानुमते सिनेमाऐवजी त्याचं परीक्षण वाचून दाखवलं. सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. दोन जण रडले.

"आता लावतेत काय?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"झाला, मावशी."

"मी तं कुठंच दिसली नाही."

परत येताना पूनम इचोड्याला उतरली आणि यशवंतरावांना म्हणाली, आता तरी पाहा, तुमी सांगितला तसा केला. यशवंतरावांनी तिला टेबलावरची चार कात्रणं दाखवली. चार शहरांतल्या चार नियतकालिकांनी सिनेमा वाखाणला होता, चौघांनीही 'निरपेक्ष पडदा'च्या आधारे. शेजार आता चारी बाजूंनी पक्का झाला होता. अशा वेळी स्वतः पाहणं म्हणजे चार सहकाऱ्यांवर अविश्वास दाखवणं.

जैनथमध्ये मात्र या सगळ्यावरून लोकांत सरळ दोन तट आहेत. बहुतेकांचं म्हणणं असं की पहिला, वांग्यांचा सिनेमा अस्सल होता आणि पोरीने तो नदीत घालवला. बाकीचे नदीचाच खरा मानतात, कारण तो छापून आला. वाचकहो, तुमचंही मत एव्हाना हेच झालं असेल, आणि ते ठाम असेल. त्यात वावगं काही नाही. पूनमने परवा फक्त एवढंच विचारलं की पहिला सिनेमा फोनमध्ये अजून आहे, चाळीसच मिनिटांचा आहे, तर मत देणाऱ्यांपैकी कोणी तो मागितला का.