सासऱ्यांचे ओठ आणि माझी डीव्हीडी

“त्यात काय एवढं? मी करतो घरी!” हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, तेव्हा बायको भांडी पुसत होती. तिचा हात थांबला. याआधी हेच वाक्य मी नळाबद्दल, इस्त्रीबद्दल आणि बाथरूमच्या कडीबद्दल म्हणालो होतो. (कडी आता फक्त बाहेरून लागते. आत गेलेल्याने गाणं म्हणत राहायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे.)

विषय होता एका व्हिडिओ कॅसेटचा. माझे सासरे निवृत्त झाले त्या संध्याकाळी त्यांच्या अंगणात छोटासा कार्यक्रम झाला होता आणि मेहुण्याने त्याचं शूटिंग केलं होतं. सासूबाई आता नाहीत. त्यांचा आवाज जगात फक्त त्या कॅसेटवर उरला होता. सासऱ्यांकडचा व्हीसीआर केव्हाच भंगारात गेल्यामुळे, सासूबाई गेल्यापासून त्यांनी तो आवाज एकदाही ऐकला नव्हता. पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला बाबांना आईचा आवाज द्यायचा, एवढं एकच बायकोच्या मनात होतं.

“चौकातला स्टुडिओवाला डीव्हीडी करून देतो म्हणालाय,” ती म्हणाली. “फितीला बुरशी धरलीय, तीही साफ करतो म्हणाला.”

“आईंची कॅसेट परक्या माणसाच्या हातात द्यायची?” मी एकदम हळवा झालो. (खरी गोष्ट अशी, की टेपवरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारी एक डबी मी नुकतीच विकत आणली होती आणि ती का आणली हे घरात सांगायला मला कारण हवं होतं.)

शेजाऱ्यांचा व्हीसीआर मागून आणला. कॅसेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत छान चालली, सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरलं, आणि मी कॅसेट बाहेर काढायचं बटण दाबल्यावर व्हीसीआरने फीत चावून टाकली. बायकोने तो काळा गुंता ओंजळीत घेतला. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. “आता आईचा आवाज फक्त तुमच्या त्या डबड्यात आहे,” एवढंच ती म्हणाली.

पहिली डिस्क टीव्हीवर लावली. सासरे उभे राहिले, त्यांचे ओठ हलले आणि आवाजच नाही! मग थोड्या वेळाने आवाज आला, आणि पुढचं न बघताच मी डिस्क थांबवली. आता खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. घरी केलेल्या डीव्हीडीत आवाज चित्राच्या मागे पडतो, हे मी वाचलेलं होतं. “सिंक गेलंय,” मी डॉक्टरी सुरात बायकोला सांगितलं. “काळजी करू नकोस. औषध आहे.”

औषध ऑफिसातून आणलं. आमच्या विमा कंपनीत कॉम्प्युटर बघणारा एक गृहस्थ आहे. त्याला सगळे सर्वज्ञ म्हणतात, कारण तो कुठल्याही प्रश्नाला ‘रीस्टार्ट करा’ एवढंच उत्तर देतो. पण त्या दिवशी तो खुलला. “एक माणूस पकडा,” तो म्हणाला. “स्वच्छ बोलणारा. त्याच्या ओठांवर नजर ठेवा आणि आवाज पुढेमागे सरकवत त्याच्याशी जुळवा. तो जुळला की बाकीचे आपोआप जुळतात.”

स्वच्छ बोलणारा म्हटल्यावर माझे सासरेच. जन्मभर कोर्टात साक्षी आणि निकाल मोठ्याने वाचून दाखवायचं काम केलेला माणूस. मी त्यांचे ओठ पकडले आणि आवाज सरकवत सरकवत असा जुळवला, की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. डिस्क केली आणि तिच्यावर ऐटीत लिहिलं, ‘फायनल’.

ती लावली, तर सासरे फर्मास बोलत होते, पण बाकी सगळा गोंधळ. टाळ्या आधी वाजत होत्या आणि हात मग हलत होते. शेजारचा कुत्रा तोंड मिटून भुंकत होता. मेहुण्याची बायको कप खाली ठेवायच्या आधीच कप ठेवल्याचा आवाज! मी म्हटलं, रोग पसरला. मग मी इलाज वाढवत नेले. आवाजाची फाईल बदलली, डिस्क सावकाश लिहून पाहिली, प्लेअर बदलला. आवाजाला टीव्हीपासून कानापर्यंत यायला वेळ लागतो हे शाळेतलं विज्ञान आठवून सोफासुद्धा पुढे ओढला. (सोफ्याचा पाय निखळला. तो मीच घरी बसवलेला होता.) आणि दर वेळी पुन्हा सासऱ्यांचे ओठ जुळवून नवी डिस्क करत होतो. ‘नवीन फायनल’ झाली. ‘आता खरंच फायनल’ झाली. फुकट गेलेल्या डिस्कांवर आम्ही चहाचे कप ठेवू लागलो.

एका रविवारी बायको बघायला बसली आणि मधेच उठली. “आईचं तोंड मिटलेलं आणि आवाज येतोय,” ती म्हणाली. “मला नाही हो बघवत. बाबांना हे दाखवायचं? त्यापेक्षा काहीच नको देऊ या.” ती आत गेली. मला फार वाईट वाटलं. मी ‘मी करतो घरी’ म्हणायचं सोडून मुकाट्याने चौकात गेलो असतो, तर बिचारीची कॅसेटही शाबूत राहिली असती.

मी पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसलो. ती चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून बघू लागली.

“हे काय करताय?”

“बाबांचे ओठ जुळवतोय.”

“कुणाचे?”

“तुझ्या बाबांचे. सगळा डोलारा त्यांच्यावरच तर उभा आहे.”

तिने कप ठेवला आणि कपाळावर हात मारला. “अहो, बाबा कुठलंही वाक्य आधी ओठांतल्या ओठांत म्हणून बघतात आणि मग मोठ्याने बोलतात! कोर्टाची सवय आहे ती. चुकीचं वाचलं तर एखादा माणूस हकनाक आत जायचा, म्हणून. घरी साधं पाणी मागायचं तरी तसंच! इतक्या वर्षांत तुम्हाला हे दिसलं नाही?”

कसं दिसणार? सासऱ्यांशी बोलताना माझी नजर त्यांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाच्या वर कधी गेलेलीच नाही. म्हणजे पहिली डिस्क बरोबर होती. रोग नव्हताच. इतके दिवस मी धडधाकट माणसाला औषधं पाजत होतो.

जसं कॉम्प्युटरमध्ये आलं होतं तसंच सगळं पुन्हा डिस्कवर घेतलं. बायकोने आईला बघितलं, ऐकलं, डोळे पुसले. या डिस्कवर काय लिहावं ते मला सुचेना, कारण सगळे शब्द आधीच्या डिस्कांवर खर्च झाले होते. म्हणून ती कोरीच ठेवली. आणि वाढदिवसाच्या सकाळी निघायच्या घाईत, समोर एक कोरी डिस्क आणि एक ‘आता खरंच फायनल’ अशा दोन दिसल्यावर, शहाण्या माणसाने जी उचलली असती तीच मी उचलली.

सासऱ्यांच्या घरी सगळे जमले. मेहुण्याने डिस्क लावली. सासरे पडद्यावर उभे राहिले, त्यांचे ओठ आणि आवाज अगदी तंतोतंत जुळले. त्याचा अर्थ त्या खोलीत फक्त दोघांना कळत होता. दुसरी व्यक्ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर मी इथे लिहीत नाही.

“आता निवृत्तीनंतर मी घरकामात लक्ष घालणार आहे,” पडद्यावरच्या सासऱ्यांचा आवाज आला. आवाज संपला, तरी त्यांचे ओठ हलतच होते. तेवढ्यात शेजारी तोंड मिटून उभ्या असलेल्या सासूबाईंचा आवाज खणखणला, “घाला. पण कुठे घालायचं ते मला विचारून घाला!” आणि पाठोपाठ त्यांचं ते मोकळं हसू.

मी रिमोटवर झडप घातली. “बाबा, चुकून वेगळी आली! बरोबर असलेली घरी राहिलीय. ही बंद करतो.”

“थांबा,” सासरे म्हणाले.

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “अगदी अश्शीच होती,” ते म्हणाले. “माझं नुसतं तोंड हलायला लागलं की हिचं उत्तर तयार. त्या दिवशी चारचौघांसमोर म्हणून थांबली होती, मला आठवतंय. घरात कधीच थांबली नाही. जावईबापू, हे कसं जमवलंत हो तुम्ही?”

बायकोने सगळ्यांदेखत माझा हात धरला. सासऱ्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा एकदा, आणि दर वेळी सासूबाईंच्या हसण्याबरोबर तेही हसत होते. डोळे वाहत होते, ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं. “ती बरोबर असलेली तुमच्याकडेच राहू द्या,” ते म्हणाले. “मला हीच हवी.”

एवढ्या कौतुकाने मला जरा धीर आला. डिस्क पुढे सरकली आणि माझ्या लक्षात आलं, की आता माझं भाषण येणार. (भाषण म्हणजे मेहुण्याने बळेच बोलायला लावलेलं एक वाक्य.) पडद्यावर शेजारचा कुत्रा जांभई देत होता आणि माझा आवाज आला, “आदरणीय बाबांचा मी आजन्म ऋणी आहे.” मग मी स्वतः दिसलो. मान खाली, तोंड उघडतंय, मिटतंय, पुन्हा उघडतंय, आवाजाचा पत्ता नाही. शेवटी मी नमस्कार करून बाजूला झालो.

“एवढा माझा भाग मात्र पार बिघडलाय, बाबा,” मी पुटपुटलो. “तेवढा मी दुरुस्त करून देतो. घरीच करतो.”

“यात काय बिघडलंय?” सासरे मनापासून म्हणाले. “इतकी वर्षं मी तुम्हाला असंच तर बघतोय.”

मी खुलासा करायला तोंड उघडलं, आणि आवाज बाहेर पडायच्या आत सगळं घर हसायला लागलं.